कलिकालसर्वज्ञ श्री हेमचंद्राचार्य आणि त्यांचे शब्दानुशासन

श्री हेमचंद्राचार्यांचे नाव ऐकलेले नाही असे जैन घर सहसा सापडणार नाही. ‘योगशास्त्र’ आणि ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्र’ या त्यांच्या ग्रंथांचा उल्लेख चातुर्मासातील प्रवचनांतून वारंवार होतो. महाराजा कुमारपाळांचे धर्मगुरू म्हणूनही त्यांचे स्मरण केले जाते. परंतु ज्या ग्रंथामुळे त्यांची कीर्ती सर्वप्रथम गुजरातच्या सीमा ओलांडून गेली, त्या ‘सिद्धहेमशब्दानुशासन’ या व्याकरणग्रंथाविषयी आपल्या समाजात फारच थोडे बोलले जाते. व्याकरण म्हटले की विषय रुक्ष, शाळेत कसाबसा उरकलेला, असा आपला समज असतो. म्हणून प्रस्तुत लेखात आचार्यश्रींचे चरित्र सांगताना मुद्दाम त्यांच्या भाषाविषयक कार्यावर अधिक भर दिला आहे. मराठी बोलणाऱ्या जैन बांधवांना तर या कार्याबद्दल विशेष जिव्हाळा वाटावयास हवा. त्याचे कारण पुढे येईलच.

बालपण आणि दीक्षा

आचार्यश्रींचा जन्म गुजरातमधील धंधुका या गावी विक्रम संवत ११४५ च्या कार्तिकी पौर्णिमेस, म्हणजे इ.स. १०८८ च्या सुमारास झाला. घराणे मोढ वणिक ज्ञातीचे. पित्याचे नाव चाचिग, मातेचे पाहिणी. मुलाचे नाव चांगदेव ठेवण्यात आले. माता जिनधर्माची उपासिका होती. पूर्णतल्ल गच्छाचे आचार्य श्री देवचंद्रसूरी धंधुक्यास आले असता हा बालक सहज त्यांच्या आसनावर जाऊन बसला आणि त्याची लक्षणे पाहून गुरूंनी मातेकडे त्याची मागणी केली, अशी कथा प्रबंधग्रंथांत आहे. मातेने पुत्र गुरूंच्या स्वाधीन केला. त्या वेळी पिता गावी नव्हता.

परत आल्यावर चाचिग संतापला आणि अन्नपाणी सोडून मुलाच्या शोधात निघाला, असे मेरुतुंगाचार्य सांगतात. मंत्री उदयन यांनी त्याचा आदरसत्कार केला, बालकास त्याच्या मांडीवर बसविले आणि पुढे मोठे द्रव्य ठेवले. चाचिगाने द्रव्याला हातही लावला नाही. मुलाचे मोल होत नसते असे सांगून त्याने अखेर स्वतःच्या इच्छेने पुत्रास गुरूंच्या चरणी अर्पण केले. ही कथा वाचताना मन नेहमी या पित्यापाशी थांबते. चरित्रकार मातेची धन्यता गातात आणि ते योग्यच आहे. पण द्रव्य नाकारून पुत्र देणाऱ्या या व्यापारी गृहस्थाचा त्याग काही लहान नव्हता.

दीक्षेच्या वर्षाविषयी ग्रंथांत एकमत नाही. ‘प्रभावकचरित’ विक्रम संवत ११५० सांगते, तर अन्य प्रबंध ११५४. दीक्षेनंतर नाव सोमचंद्र झाले. न्याय, व्याकरण आणि साहित्य या तिन्ही विद्यांत बालमुनींनी लवकरच प्रावीण्य मिळविले. विक्रम संवत ११६६ मध्ये (इ.स. १११०), वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी त्यांना आचार्यपद देण्यात आले आणि सोमचंद्र मुनी हेमचंद्रसूरी झाले. माता पाहिणी यांनीही पुढे दीक्षा घेतली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आचार्यश्रींच्या चरित्राची आपली बहुतेक साधने त्यांच्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळाने लिहिली गेली आहेत. प्रभाचंद्रांचे ‘प्रभावकचरित’ विक्रम संवत १३३४ चे, मेरुतुंगांचा ‘प्रबंधचिंतामणि’ १३६१ चा, राजशेखरांचा ‘प्रबंधकोश’ १४०५ चा. त्यांत भक्तीने वाढलेल्या कथा आहेत. त्यांनी साडेतीन कोटी श्लोक रचले, ही अशीच एक आख्यायिका. आज हाती असलेले त्यांचे ग्रंथच इतके आहेत की अशा अतिशयोक्तीची काही गरज भासत नाही.

पाटणची राजसभा

त्या काळी गुजरातवर चौलुक्य अर्थात सोळंकी वंशाचे राज्य होते आणि अणहिलपाटक म्हणजे आजचे पाटण ही राजधानी होती. सिंहासनावर सिद्धराज जयसिंह होते. राजा शिवभक्त, परंतु विद्येचा चाहता. राजमार्गावर हत्तीवरून जात असलेल्या सिद्धराजांनी गर्दीत बाजूस उभे असलेल्या तरुण आचार्यांना पाहिले आणि आचार्यांनी त्या प्रसंगास शोभेल असा श्लोक तत्क्षणी रचून म्हटला, तेव्हापासून दोघांचा परिचय वाढला, अशी परंपरा आहे.

इ.स. ११३५ च्या सुमारास सिद्धराजांनी माळव्याचा राजा यशोवर्मा याचा पराभव केला. धारानगरीतील लुटीबरोबर तेथील ग्रंथभांडारही पाटणला आले. हे ग्रंथ पाहता पाहता राजाच्या हाती भोजराजाचे व्याकरण पडले. पाटणच्या पाठशाळांतून मुले हेच व्याकरण शिकतात, असे विद्वानांनी सांगितले. राजाच्या मनाला ते लागले. रणांगणावर माळव्याला नमविले होते, पण शुद्ध भाषा शिकायची तर गुजरातच्या विद्यार्थ्यांना शरण जावे लागत होते ते माळव्याच्याच ग्रंथाला! आपल्या भांडारात असा ग्रंथ नाही आणि तो रचू शकेल असा पंडितही आपल्या देशात नाही काय, असा प्रश्न राजाने सभेत विचारला, तेव्हा साऱ्यांच्या दृष्टी आचार्यश्रींकडे वळल्या.

आचार्यांनी हे काम स्वीकारले, परंतु त्यासाठी पूर्वीची सर्व व्याकरणे मागविली. काश्मीरमधील सरस्वतीच्या पीठातून ती आणविली गेली, असे ‘प्रभावकचरित’ सांगते. ही मागणी महत्त्वाची आहे. पाणिनी तर समोर होतेच; शिवाय कातंत्र व्याकरण होते, आचार्य देवनंदी पूज्यपादांचे ‘जैनेंद्र’ होते आणि राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातील शाकटायन म्हणजे पाल्यकीर्ती यांचे व्याकरण होते. शेवटच्या दोघांपैकी पूज्यपाद दिगंबर परंपरेचे, तर पाल्यकीर्ती यापनीय संघाचे. श्वेतांबर आचार्यांनी त्यांच्या ग्रंथांचा, विशेषतः शाकटायनाचा, मोकळ्या मनाने उपयोग करून घेतला. विद्येच्या क्षेत्रात पंथाची भिंत त्यांनी मानली नाही.

ग्रंथ पूर्ण झाल्यावर त्याची हत्तीवरून मिरवणूक काढण्यात आली, तीनशे लेखकांकडून प्रती करवून त्या देशोदेशी पाठविण्यात आल्या आणि काकल नावाच्या कायस्थ वैयाकरणाची अध्यापक म्हणून नेमणूक झाली, असे वर्णन आहे. राजा आणि आचार्य या दोघांची नावे ग्रंथाच्या नावात एकत्र आली : ‘सिद्ध’ म्हणजे सिद्धराज, ‘हेम’ म्हणजे हेमचंद्र.

ग्रंथाचे स्वरूप

‘सिद्धहेमशब्दानुशासन’ आठ अध्यायांचे आहे. प्रत्येक अध्यायात चार पाद, असे एकूण बत्तीस पाद. पहिल्या सात अध्यायांत संस्कृतचे व्याकरण ३५६६ सूत्रांत सांगितले आहे आणि आठव्या अध्यायात १११९ सूत्रांत प्राकृत भाषांचे. एकूण सूत्रे ४६८५. पादांच्या शेवटी मूळराजापासून सिद्धराजापर्यंतच्या चौलुक्य राजांच्या स्तुतीचे श्लोक आहेत. सूत्रे रचून आचार्यश्री थांबले नाहीत. आरंभीच्या विद्यार्थ्यासाठी लघुवृत्ती, प्रौढांसाठी बृहद्‌वृत्ती, धातुपाठ, उणादी, लिंगानुशासन असे सर्व अंगोपांग त्यांनी स्वतःच तयार केले. पाणिनीय परंपरेत जे काम अनेक पिढ्यांतील अनेक आचार्यांनी मिळून केले, ते येथे एका हाताने झाले. पंडितांसाठी लिहिलेला विशाल बृहन्न्यास मात्र आज फारच थोडा उपलब्ध आहे.

पाणिनींची अष्टाध्यायी हा मानवी बुद्धीचा चमत्कार आहे, यात शंका नाही. पण तिच्यातील सूत्रांची योजना संक्षेपाच्या दृष्टीने केलेली असल्याने एकाच विषयाची सूत्रे दूरदूर विखुरलेली आहेत. आचार्यश्रींनी विषयवार मांडणी केली : आधी संज्ञा, मग संधी, मग नामाची रूपे, कारक, स्त्रीप्रत्यय, समास, क्रियापद, कृदंत आणि शेवटी तद्धित. वेदांच्या भाषेचे नियम त्यांनी वगळले.

परिभाषेच्या बाबतीतही हीच दृष्टी दिसते. पाणिनी स्वरांना ‘अच्’ आणि व्यंजनांना ‘हल्’ म्हणतात. ही नावे संक्षिप्त आहेत, परंतु शिवसूत्रे पाठ असल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. आचार्यश्रींनी सरळ ‘स्वर’ आणि ‘व्यंजन’ हेच शब्द वापरले. अ, इ, उ, ऋ, ऌ आणि त्यांची दीर्घ रूपे हे ‘समान’ स्वर, अवर्ण सोडून इतर स्वर ‘नामी’, आणि दोन स्वरांच्या संधीतून आलेले ए, ऐ, ओ, औ हे ‘संध्यक्षर’. काळांची नावे तर बोलकीच आहेत. पाणिनी लट्, लङ्, लुङ्, लिट्, लुट् अशा सांकेतिक नावांनी जे सांगतात, त्यास येथे वर्तमाना, ह्यस्तनी, अद्यतनी, परोक्षा आणि श्वस्तनी म्हटले आहे. ‘ह्यः’ म्हणजे काल, ‘अद्य’ म्हणजे आज, ‘श्वः’ म्हणजे उद्या. जे बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घडले नाही ते परोक्ष. संकेतार्थाला ‘क्रियातिपत्ति’ हे नाव आहे : जी क्रिया घडायची होती पण घडली नाही, ती. पाऊस पडला असता तर पीक आले असते, अशा वाक्यांतील रूप. नाव ऐकताच अर्थ ध्यानात येतो.

या संज्ञा सर्वस्वी नव्या नाहीत. काळांची नावे कातंत्रात पूर्वीच आलेली आहेत. त्यांत एक अडचणही राहून गेली आहे. विध्यर्थास ‘सप्तमी’ आणि आज्ञार्थास ‘पंचमी’ हीच नावे ठेवल्यामुळे नामाच्या विभक्तींशी नवशिक्याचा घोटाळा होतो. तथापि एकंदरीत पाहता विद्यार्थ्याचे कष्ट कमी करावेत, हा हेतू ग्रंथात जागोजागी जाणवतो.

स्याद्वाद आणि लोकव्यवहार

ग्रंथाची पहिली तीन सूत्रे प्रत्येक जैन अभ्यासकाने समजून घ्यावीत अशी आहेत. पहिले सूत्र म्हणजे अरिहंतांचे वाचक असे एकच मंगल पद. दुसऱ्या सूत्रात शब्दांची सिद्धी स्याद्वादामुळे होते, असे प्रतिपादन आहे. व्याकरणाच्या आरंभी स्याद्वाद कशासाठी, असा प्रश्न पडेल. वृत्तीतील आशय साध्या उदाहरणाने पाहू. ‘घडा फुटला’ यात घडा कर्ता आहे, ‘घडा आण’ यात कर्म आहे, ‘घड्याने पाणी भर’ यात साधन म्हणजे करण आहे. वस्तू तीच, पण अपेक्षाभेदाने तिचे कारक बदलले. वस्तू एकांताने एकाच स्वरूपाची आहे असे मानले तर ही व्यवस्था लावता येणार नाही. एकच वर्ण कोठे ह्रस्व, कोठे दीर्घ होतो, त्याचेही तसेच. अनेकांताचा विचार आपण बहुधा तत्त्वचर्चेपुरता ठेवतो. आचार्यश्रींना तो रोजच्या वाक्यात दिसला.

तिसरे सूत्र त्याहून लहान, पण त्याचा व्याप मोठा. जे येथे सांगितलेले नाही ते लोकांकडून, म्हणजे लोकांच्या व जाणकारांच्या व्यवहारातून समजून घ्यावे, असा त्याचा अर्थ. राजाच्या आज्ञेने रचलेल्या व्याकरणाने आपल्यावरील अधिकार म्हणून लोकांच्या बोलण्याकडे बोट दाखवावे, ही बाब विचार करण्यासारखी आहे. आजचे भाषाशास्त्रज्ञ भाषा कशी असावी यापेक्षा ती कशी आहे हे पाहतात. आचार्यश्रींचा ग्रंथ शुद्धाशुद्ध सांगणाराच आहे, हे विसरता कामा नये. पण प्रयोगाला मान देण्याची त्यांची वृत्ती आठव्या अध्यायात पूर्णपणे प्रकट झालेली दिसते.

आठवा अध्याय : लोकांच्या भाषा

ज्या जागी पूर्वीच्या परंपरेत वैदिक भाषेचा विचार येत असे, तेथे आचार्यश्रींनी प्राकृत भाषांना स्थान दिले. त्यांत सहा भाषा आहेत. पहिली नुसत्या ‘प्राकृत’ या नावाने येते. विद्वान जिला महाराष्ट्री म्हणतात ती हीच. त्यानंतर शौरसेनी, मागधी, पैशाची, चूलिकापैशाची आणि अपभ्रंश. आगमांच्या भाषेला ते ‘आर्ष’ म्हणतात आणि तिच्यात नियम वैकल्पिक असतात असे नोंदवून ठेवतात.

या अध्यायातील दुसरे सूत्र ‘बहुल’ या संकल्पनेचे आहे. नियम कोठे लागतो, कोठे लागत नाही, कोठे विकल्पाने लागतो, तर कोठे भलतेच काही घडते. जिवंत भाषेचा स्वभाव ज्याने जवळून पाहिला आहे त्यालाच हे सूत्र अध्यायाच्या दारातच मांडावेसे वाटेल.

आता नियमांकडे वळू. दोन स्वरांच्या मध्ये आलेली क, ग, च, ज, त, द, प, य, व ही व्यंजने प्राकृतात बहुधा गळून पडतात, असे एक सूत्र सांगते. ती गळाल्यावर उरलेल्या ‘अ’चा उच्चार हलक्या ‘य’सारखा होतो, असे दुसरे सूत्र सांगते, यालाच ‘यश्रुति’ म्हणतात. या दोन नियमांनी ‘नगर’ शब्दाचे ‘नयर’ होते. आणि ‘नयर’ पुढे आणखी झिजले की संगमनेर, अमळनेर, जामनेर, पिंपळनेर या आपल्या गावांच्या नावांतील ‘नेर’ मिळते. तिसरा नियम असा की ख, घ, थ, ध, भ यांच्या जागी ‘ह’ येतो. ‘बधिर’चे ‘बहिर’ झाले आणि आपण ‘बहिरा’ म्हणू लागलो. ‘लवण’चे ‘लोण’ होते असेही एक सूत्र आहे. आपल्या घरातील लोणच्याचे मूळ तेथे आहे. जोडाक्षरांतील वर्ण एकमेकांत मिसळून द्वित्व होते : हस्त, हत्थ, हात, कर्ण, कण्ण, कान, सप्त, सत्त, सात, अद्य, अज्ज, आज.

संवत्सरीच्या क्षमापनेत आपण जे शब्द उच्चारतो, त्यांचाही उलगडा येथेच होतो. ऱ्हस्व स्वरापुढील ‘थ्य’चा ‘च्छ’ होतो, म्हणून ‘मिथ्या’चे ‘मिच्छा’. ‘दुष्कृत’चे ‘दुक्कड’ हे रूप आर्ष म्हणून आचार्यश्रींनी आपल्या वृत्तीत दिले आहे. दरवर्षी हे शब्द आपण तोंडाने म्हणतो, पत्रिकांवर छापतो. पण माझ्या पाहण्यातील कोणत्याही पाठशाळेत त्यांची फोड करून दाखविलेली मला आढळली नाही. मुलांना हे पाच मिनिटांत समजते, हा स्वानुभव आहे.

शब्दांचे तीन वर्ग भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहेत. संस्कृतात जसे तसेच प्राकृतात आलेले ते तत्सम, बदलून आलेले ते तद्भव आणि ज्यांची व्युत्पत्ती संस्कृतावरून लागत नाही ते देश्य. मराठी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत आजही हे वर्गीकरण असते. आचार्यश्रींनी याच पायावर आपली मांडणी उभी केली. धातूंच्या बाबतीत त्यांनी एक वेगळा मार्ग काढला. ‘कथ्’ म्हणजे सांगणे या धातूच्या जागी प्राकृतात येणाऱ्या दहा धातूंची यादी त्यांनी दिली आहे. तीत ‘बोल्ल’ आहे. ‘दृश्’च्या जागी ‘देक्ख’, पुसण्याच्या अर्थी ‘पुस’, बुडण्याच्या अर्थी ‘बुड्ड’, चढण्याच्या अर्थी ‘चड’. इतर आचार्य यांना देशी शब्द मानतात, आपण त्यांना धात्वादेश म्हणून घेतले आहे, असे ते स्वतःच नमूद करतात. बोलणे, देखणे, पुसणे, बुडणे, चढणे ही आपली क्रियापदे बाराव्या शतकातील एका सूत्रग्रंथात अशी रांगेत भेटतात, तेव्हा जुने नातेवाईक भेटल्याचा आनंद होतो.

एका मुद्द्यावर मात्र आजचे विद्वान आचार्यश्रींशी सहमत नाहीत. प्राकृताची प्रकृती म्हणजे मूळ संस्कृत होय, असे त्यांनी म्हटले आहे. त्यांच्याआधी, इ.स. १०६९ मध्ये, रुद्रटाच्या ‘काव्यालंकारा’वर टीका लिहिणारे नमिसाधू हेही जैनच. त्यांनी प्राकृत म्हणजे व्याकरणाचा संस्कार न झालेली लोकांची सहज वाणी, असे मत मांडले होते. आधुनिक भाषाशास्त्राचा कल नमिसाधूंच्या बाजूला आहे; पाणिनींच्या संस्कृतातून सर्व प्राकृते जन्मली असे आता कोणी मानत नाही. माझ्या मते आचार्यश्रींच्या विधानाकडे शिकविण्याची सोय म्हणून पाहावे. ज्याचे सात अध्याय संस्कृत शिकून झाले आहेत, त्याला परिचित रूपाकडून अपरिचित रूपाकडे नेणे हाच सोपा मार्ग होता.

अपभ्रंशाचे विवेचन हा या अध्यायाचा कळस आहे. १०० हून अधिक सूत्रे आणि उदाहरणादाखल लोकांत प्रचलित असलेले दोहे त्यांनी दिले. त्यांत शृंगार आहे, रणांगणावरील वीराच्या पत्नीचे उद्गार आहेत, नीती आहे. विरक्त आचार्यांनी हे दोहे जसे होते तसे नोंदविले. त्यांतील कित्येक अन्यत्र कोठेही राहिलेले नाहीत.

देशीनाममाला

व्याकरणाच्या जोडीला चार कोश आहेत. ‘अभिधानचिंतामणि’ हा समानार्थी शब्दांचा कोश. त्याच्या आरंभी रूढ, यौगिक आणि मिश्र असे शब्दांचे भेद स्पष्ट केले आहेत. ‘अनेकार्थसंग्रहा’त एका शब्दाचे अनेक अर्थ, तर ‘निघंटुशेषा’त वनस्पतींची नावे आहेत. चौथा कोश म्हणजे ‘देशीनाममाला’, आणि तोच सर्वांत अपूर्व.

या कोशात ७८३ गाथांत ३९७८ शब्द आले आहेत. आद्याक्षर आणि अक्षरसंख्या यांच्या क्रमाने त्यांची रचना केलेली आहे. देशी शब्द कशाला म्हणावे याची व्याख्या आचार्यश्रींनी काटेकोरपणे केली. जो आपल्या व्याकरणाने सिद्ध होत नाही, किंवा सिद्ध झाला तरी त्या अर्थाने संस्कृत कोशांत नाही, आणि लक्षणेनेही ज्याचा अर्थ लागत नाही, तो देशी. महाराष्ट्र, विदर्भ, आभीर इत्यादी निरनिराळ्या प्रदेशांतील बोलींचे सगळे शब्द घ्यावयाचे तर त्यांना अंतच नाही, म्हणून प्राकृत वाङ्मयात पूर्वापार चालत आलेले तेवढेच घेतले, असे ते सांगतात. असे वगळलेल्या शब्दांच्या उदाहरणांत ‘मग्गा’ हा शब्द आहे, अर्थ ‘मागे’. आपल्या प्रदेशाचे नाव घेऊन त्यांनी हा शब्द बाजूला ठेवला, पण ठेवता ठेवता तो लिहूनही ठेवला!

घेतलेल्या शब्दांत तरी आपले किती आहेत! पोट्ट म्हणजे पोट, चिक्खल्ल म्हणजे चिखल, डुंगर म्हणजे डोंगर, कोल्हुअ म्हणजे कोल्हा, उडिद म्हणजे उडीद, झडी म्हणजे पावसाची झड, ओड्ढण म्हणजे ओढणी. ‘खडक्की’चा अर्थ त्यांनी लहान दार असा दिला आहे, आपली खिडकी तीच. ‘अक्का’ म्हणजे बहीण. हा शब्द कन्नडमध्येही आहे, हे कोल्हापूर-सांगली-बेळगाव भागातील वाचकांना सांगावयास नको. त्याच भागातील थोर विद्वान डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी देशी कोशांतील कन्नड शब्दांवर स्वतंत्र लेख लिहिला होता. कोशातील काही शब्द वस्तुतः तद्भवच आहेत, असेही पुढील संशोधकांनी दाखवून दिले. त्यामुळे संग्रहाचे मोल घटत नाही.

उत्तरायुष्य

इ.स. ११४३ मध्ये सिद्धराजांचे निधन झाले आणि कुमारपाळ गादीवर आले. राज्यात अमारी घोषणा झाली. निपुत्रिक मृताचे धन राजाने घेण्याची प्रथा बंद झाली, त्यामुळे विधवांवरील एक मोठे संकट टळले. ‘योगशास्त्र’ कुमारपाळांसाठीच लिहिले गेले आणि ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’ची दहा पर्वे याच काळातील. हा सर्व भाग आपल्या परिचयाचा असल्याने येथे विस्तार करीत नाही.

‘द्व्याश्रय’ महाकाव्याचा उल्लेख मात्र केला पाहिजे. त्यात चौलुक्यांचा इतिहास सांगता सांगता व्याकरणातील सूत्रांची उदाहरणे क्रमाने गुंफली आहेत. वीस सर्ग संस्कृतात. आठ सर्ग प्राकृत भाषांत, ज्यांना ‘कुमारपालचरित’ म्हणतात. एकाच वेळी काव्य आणि स्वाध्यायाची वही, अशी ही रचना आहे. काव्य म्हणून ती जड वाटते हे मान्य करावे लागेल, पण सूत्रे घोकणाऱ्या विद्यार्थ्यास तिचा किती आधार झाला असेल!

विक्रम संवत १२२९ मध्ये (इ.स. ११७२-७३), वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, अनशनपूर्वक आचार्यश्रींनी पाटण येथे देह ठेवला. त्यानंतर काही महिन्यांतच कुमारपाळही गेले. पुढचा राजा अजयपाल याने मागील राजाच्या विश्वासातील लोकांचा छळ केला आणि आचार्यश्रींचे पट्टशिष्य, ‘नाट्यदर्पणा’चे एक कर्ते रामचंद्रसूरी यांचा त्यात बळी गेला, असे प्रबंध सांगतात.

राजाश्रय संपला, तेराव्या शतकाच्या अखेरीस चौलुक्यांनंतरच्या वाघेला राजांचे राज्यही लयास गेले, तरी व्याकरण टिकले. पाटण, खंभात आणि जैसलमेर येथील भांडारांत श्रावकांनी त्याच्या ताडपत्री जतन केल्या. सतराव्या शतकात उपाध्याय विनयविजयांनी त्यावर ‘हैमलघुप्रक्रिया’ रचली आणि साधुसाध्वींच्या अध्ययनात ते आजही आहे. दिगंबर परंपरेतील त्रिविक्रम यांनी आपले प्राकृत व्याकरण रचताना आठव्या अध्यायाचाच आधार घेतला.

आधुनिक काळात रिचर्ड पिशेल या जर्मन पंडितांनी हाले येथून १८७७ आणि १८८० मध्ये आठवा अध्याय दोन भागांत प्रसिद्ध केला. १८८० मध्येच पिशेल आणि ब्यूलर यांनी संपादित केलेली ‘देशीनाममाला’ मुंबईत छापली गेली, आणि ब्यूलर यांनी १८८९ मध्ये आचार्यश्रींचे चरित्र जर्मन भाषेत लिहिले. शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेले ‘कुमारपालचरित’ १९०० मध्ये मुंबईतून निघाले, त्याची डॉ. प. ल. वैद्य यांनी सुधारलेली आवृत्ती, आठव्या अध्यायासह, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३६ मध्ये काढली. त्रिविक्रमांचे व्याकरणही डॉ. वैद्यांनीच संपादित केले. ते १९५४ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीबरोबरच प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. पाटण येथे १९३९ मध्ये उघडलेल्या श्री हेमचंद्राचार्य जैन ज्ञानमंदिरात शेकडो वर्षांपूर्वीच्या ताडपत्री पोथ्या जपून ठेवल्या आहेत. गुजरातच्या यात्रेत शंखेश्वरला जाणाऱ्या बांधवांना ते वाटेतच आहे.